वहिवाट

खानापूर कोर्टासमोर झेरॉक्सचं दुकान,
वर माळा, माळ्यावर आमचं ऑफिस.
पासवर्ड एक, ज्युनिअर तीन.
मी आत शिरले की सुळेभावीकर बाहेर फेकला जातो,
तो शिरला की मी.
पडदा म्हणतो, आपण दुसरीकडेही हजर आहात.
असतेच.
अर्धी नंदगडकडच्या त्या बांधावर,
जिथून सातेरी घाडींच्या म्हशी ओढ्याला जायच्या
आणि चैत्रापासून जात नाहीत,
कारण मधे तार आली.

सातेरी मराठीत सांगतात,
साक्ष कन्नडात उतरते,
निवाडे इंग्रजीत झोपलेले.
मी शोधपट्टीत लिहिते: वाट.
शून्य निकाल.
गाडीवाट, रोमन लिपीत, एक ए लावून, दोन ए लावून.
शून्य.
प्रिस्क्रिप्शन टाकलं
तर औषधांच्या दुकानांचे चारशे खटले,
कुणाची तरी मुदत संपलेली खोकल्याची बाटली.
मग कलमातले शब्द एकेक करून,
जपमाळ ओढल्यासारखे:
शांतपणे. उघडपणे. हक्क म्हणून. खंड न पडता.
वीस वर्षे.
आणि दारं उघडतात.

एक निवाडा दुसऱ्याच्या रानातून जातो,
दुसरा तिसऱ्याच्या.
निळ्या अक्षरावर पाय ठेवायचा की मागच्या साली.
दोन हजार अकरा. सत्त्याऐंशी. एकोणपन्नास.
इथे हायकोर्टच बदलतं.
छप्पन्नच्या आधी आम्ही मुंबईखाली होतो,
मग तो निवाडा आता आम्हाला बांधतो
की नुसता पटवून बघतो?
ह्यावरही निवाडे आहेत.
चहा गार.

'काय शोधालीस गं?' हुंदरे वकील.
खाकी कागदात बांधलेली त्यांची पुस्तकं,
खुणेला एसटीची तिकिटं, बेळगाव-खानापूर, दर वेगवेगळे.
'एकोणपन्नासचा घे. पान दोनशे सात.'
डोळे मिटून त्यांनी परिच्छेद म्हटला,
स्वल्पविरामासकट.
पडद्यावर तेच पान, तोच स्वल्पविराम,
शेजारी लाल बावटा:
पूर्णपीठाने फिरवला. एकोणीसशे ब्याण्णव.

मी लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला.
त्याआधी, खरं सांगते,
तो मिटून टाकावा असंही वाटलं.
चष्मा पुसून त्यांनी वाचलं.
'नेट बरोबर आहे न्हवं?'
'हो.'
'परत बघ.'
परत बघितलं. नेट गेलं. आलं. लालच.
मग ते बोटांवर मोजू लागले.
ब्याण्णवनंतर किती वेळा उभा केला हा
मेलेला साक्षीदार.
समोरच्या वकिलानं उलटतपासणी घेतली नाही,
साहेबांनीही मान डोलावली.
अकरा.
'गर्लगुंजीच्या म्हाताऱ्याला ह्याच्यावरच वाट मिळाली.'
'आता?'
'आता डांबर पडलंय तिच्यावर. शाळेची गाडी जाते.'

पेन्सिल घेऊन समासात लिहिलं: चालत नाही.
कारकून बसलिंग वाकून बघत म्हणाला,
'नडियंगिल्ल अंतीरेनु?'
त्याच्या भाषेतही
निवाड्याला आणि पायाला क्रियापद एकच.
वकिलांनी तिकीट पानातून काढलं,
बघितलं, पुन्हा तिथंच ठेवलं.

मी पुढे शोधत राहिले, ब्याण्णवच्या अलीकडे.
एक सापडला, हिरव्या खुणेचा, धारवाडच्या खंडपीठाचा,
त्यातही तार, त्यातही जनावरं.
परिच्छेद चौदापर्यंत आले
आणि बाहेर फेकली गेले.
'सुळेभावीकर!'
खालून उत्तर, 'दोन मिनिटं, चेक बाउन्स आहे!'

जिन्यावर सातेरी बसलेले,
चपला खालच्या पायरीवर काढून.
'बाई, मिळाली काय वाट?'
शोधतेय, म्हटलं, अजून शोधतेय.
ते जरा गोंधळले.
'त्यात शोधायचं काय? मला ठावं हाय की ती कुठं हाय.
चला, दाखवतो.'